पुण्याच्या मुख्यालयाची दोन कामे

थिएटर कमांडची, म्हणजे एका भागातली तिन्ही दले एकाच कमांडरच्या हाताखाली आणणाऱ्या रचनेची, चर्चा निघाली की पुण्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. दक्षिण कमांडचे मुख्यालय इथेच राहणार ना? या शहराचे आणि लष्कराचे नाते जुने आहे, त्यामुळे ही काळजी समजण्यासारखी आहे. पण प्रश्न अपुरा आहे. स्वातंत्र्यानंतर या मुख्यालयाने एकाच छताखाली दोन वेगळी कामे केली. एक, राजस्थान आणि कच्छच्या सीमेवरची लढाई. दुसरे, महाराष्ट्रापासून केरळपर्यंत पसरलेल्या मुलखाचा लष्करी सांभाळ. फेररचनेत पहिले काम पुण्याकडून गेले तरी हरकत नाही, ते जायलाच हवे. दुसऱ्या कामाला मात्र आजपेक्षा अधिक अधिकार असलेला धनी लागेल, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

१८९५पर्यंत इंग्रजांच्या हिंदुस्थानात एकसंध सैन्यच नव्हते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांची तीन सैन्ये होती आणि प्रत्येकाचा सरसेनापती वेगळा. १ एप्रिल १८९५ रोजी ती एकत्र करून पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा चार कमांड झाल्या. मुंबई कमांडच्या हद्दीत सिंध होता, क्वेट्टा होते आणि समुद्रापलीकडचे एडनसुद्धा. आजची दक्षिण कमांड आपला स्थापना दिवस याच तारखेला मानते. पुढे सरसेनापती किचनेरने घडी मोडून उत्तर आणि दक्षिण अशी दोनच सैन्ये केली. पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा चार कमांड आल्या. १९४२मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर दक्षिण कमांडचे ‘दक्षिण सैन्य’ झाले आणि युद्ध संपल्यावर जुने नाव परत आले. गरज बदलली की हद्द बदलायची, हा या कमांडचा पहिल्यापासूनचा इतिहास आहे. म्हणून आजच्या नकाशाला कोणी परंपरेचा आधार देऊ लागले तर तो टिकत नाही.

मराठवाड्याला या मुख्यालयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हैदराबादवरच्या कारवाईचा आराखडा दक्षिण कमांडचे तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल गोडार्ड यांच्या काळात तयार झाला. तो अमलात आणला त्यांच्यानंतर आलेल्या लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांनी. या कमांडचे ते पहिले भारतीय प्रमुख. १३ सप्टेंबर १९४८ला मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून निघाल्या. नळदुर्गमार्गे मुख्य चाल झाली, तर दुसरी चाल पूर्वेकडून बेझवाड्याच्या बाजूने. १७ तारखेला निजामाने माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या सैन्याने रीतसर शरणागती पत्करली. मराठवाडा दर वर्षी १७ सप्टेंबरला मुक्तिदिन पाळतो, त्यामागे हे पाच दिवस आहेत.

तेच चौधरी तेरा वर्षांनी दक्षिण कमांडचे प्रमुख होते, आणि या वेळी समोर गोवा होता. थिएटर कमांडचा विचार करणाऱ्याने डिसेंबर १९६१ची ही मोहीम बारकाईने पाहावी. मेजर जनरल कँडेथ यांची १७वी डिव्हिजन पूर्वेकडून उतरली. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५०व्या पॅराशूट ब्रिगेडला उत्तरेकडून दुय्यम काम दिले होते, पण तीच सर्वांत वेगाने पुढे सरकली आणि १९ तारखेच्या सकाळी पणजीत शिरली. पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली. नौदलाने अंजदीव बेटावर माणसे उतरवली आणि मुरगावच्या बंदरात पोर्तुगीजांची युद्धनौका निकामी केली. त्याच संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आला. सारा खेळ दीड-दोन दिवसांचा. पोर्तुगीजांचे बळ तोकडे होते हे खरेच, पण तिन्ही दलांचा मेळ जमला त्याला भूगोलाचीही मदत होती. लष्कराचे मुख्यालय पुण्यात, विमानतळ लोहगावला, नौदल मुंबईत आणि रणभूमी सह्याद्रीच्या पलीकडे. सगळे हाकेच्या अंतरावर होते.

पश्चिम सीमेवर असा मेळ आपोआप बसत नाही. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री जैसलमेर भागातल्या लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा चालून आला. चौकीत मेजर कुलदीप सिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाब पलटणीची एक कंपनी होती. दक्षिण कमांडची १२वी डिव्हिजन त्या वेळी रहीम यार खानच्या दिशेने स्वतःच्या चढाईच्या तयारीत होती. जैसलमेरला असलेली हंटर विमाने रात्री लढू शकत नव्हती, म्हणून जवानांनी पहाटेपर्यंत चौकी धरून ठेवली. उजाडताच विमानांनी उघड्या वाळूत अडकलेल्या रणगाड्यांची दाणादाण उडवली. जवान पुण्याच्या कमांडचे आणि विमाने हवाई दलाच्या पश्चिम कमांडची. दोन वेगळ्या साखळ्या त्या सकाळी जुळल्या याचे श्रेय जागेवरच्या माणसांना द्यावे लागते, रचनेला नव्हे. एका कंपनीच्या धैर्यावर आणि उजाडण्याच्या वेळेवर सीमेचा भार टाकणारी व्यवस्था चांगली म्हणता येत नाही.

श्रीलंकेत या उणिवेची किंमत मोजावी लागली. जुलै १९८७च्या करारानंतर शांतिसेनेची सूत्रे दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांच्याकडे आली आणि सिकंदराबादची ५४वी डिव्हिजन सर्वांत आधी जाफन्यात उतरली. मोहिमेचा कारभार मद्रासमधून चाले. हवाई दलाची दक्षिण कमांड तिरुवनंतपुरमला आणि नौदलाची पूर्व कमांड विशाखापट्टणमला. परक्या भूमीवर गनिमांशी लढणाऱ्या जवानाच्या पाठीशी तीन शहरांतली तीन मुख्यालये होती. १९९०च्या मार्चमध्ये शांतिसेना परतली तोवर सुमारे १,२०० भारतीय जवान कामी आले होते. या अपयशाची राजकीय आणि गुप्तवार्तेशी संबंधित कारणे मोठी आहेत, सगळा दोष रचनेवर ढकलणे बरोबर होणार नाही. तरी रचनेने त्या जवानांचे काम सोपे केले नाही, हे निश्चित.

आजही चित्र तेच आहे. लष्कराच्या सात कमांड, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन, अशा सतरा कमांड. त्यांतल्या तीन कमांडचे नाव नुसते ‘दक्षिण’ आहे, पण त्यांची मुख्यालये पुणे, तिरुवनंतपुरम आणि कोची अशी विखुरलेली. पुण्याच्या कमांडकडे लढाईसाठी दोन कोअर आहेत, जोधपूरची १२वी आणि भोपाळची २१वी. त्यांची नजर वाळवंटावर. त्याच वाळवंटाच्या उत्तर भागाची जबाबदारी २००५मध्ये जयपूरला उभ्या राहिलेल्या दक्षिण-पश्चिम कमांडकडे गेली. वरचे आकाश हवाई दलाच्या गांधीनगरच्या कमांडकडे आणि गुजरातचा किनारा मुंबईच्या नौदल कमांडकडे. शत्रू एक, सीमा एक आणि आपली मुख्यालये चार.

म्हणून पश्चिम सीमेसाठी एकच कमांडर हवा. जानेवारी २०२०मध्ये जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दलप्रमुख झाले आणि या विचाराला सरकारी बळ मिळाले. २०२३च्या कायद्याने संयुक्त संघटनेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे अधिकार दिले. हवाई दलाचा आक्षेप गंभीर आहे. विमाने मोजकी, ती थिएटरांमध्ये वाटून टाकली तर आज इथे आणि उद्या तिथे झेपावण्याची ताकद जाते. त्याचे उत्तर विमानांच्या वाटपाच्या नियमांत शोधावे, सतरा कमांड तशाच ठेवण्यात नव्हे.

आता राहिलेल्या कामाकडे वळू, कारण महाराष्ट्राचा खरा संबंध त्याच्याशी आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपाने किल्लारी जमीनदोस्त झाली, तेव्हा ढिगारे उपसायला लष्कर आले. २६ जानेवारी २००१ला भूजमध्ये, २०१८च्या पुरात केरळमध्ये, २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात, सगळीकडे तेच. प्रत्येक ठिकाण याच कमांडच्या हद्दीत. एल्फिन्स्टन रोड स्थानकावरच्या चेंगराचेंगरीनंतर पादचारी पूलसुद्धा लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला आणि २०१८मध्ये खुला केला. पुलाचे काम मुळात रेल्वेचे होते, तिथे लष्कराला बोलवावे लागले हे योग्य नव्हे. पण किल्लारी आणि भूज या दोन ठिकाणी लष्कराला दुसरा पर्याय नव्हता.

अशा वेळी जिल्हाधिकारी आणि राज्य सरकार मदत मागतात ती जवळच्या लष्करी ठाण्याकडे आणि विभागीय मुख्यालयाकडे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी ते मुंबईत आहे, दक्षिणेकडच्या राज्यांसाठी चेन्नईत. या दोघांवर पुणे. कृष्णेच्या पुरात बोटी कोठून हलवायच्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची माणसे किती पाठवायची, हे ठरवणाऱ्याच्या हाती आज लढाऊ फौजांसह सगळे बळ आहे. उद्या १२वी आणि २१वी कोअर पश्चिम थिएटरकडे गेली आणि पुण्यात केवळ प्रशासकीय कार्यालय उरले, तर पावसाळ्यातल्या फोनला पलीकडे कोण असेल? थिएटरचा कमांडर सीमेवर तणाव असताना सांगलीसाठी तुकडी सोडेल, ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय करणारी आहे.

फेररचनेच्या आदेशात काय वाचायचे हे महाराष्ट्राच्या खासदारांनी आतापासून ठरवावे. मुख्यालयावरची पाटी कोणती राहते हा दुय्यम मुद्दा आहे. पुण्यात उरणाऱ्या मुख्यालयाच्या ताब्यात अभियंत्यांच्या, वैद्यकीय आणि दळणवळणाच्या किती तुकड्या कायम राहतील, थिएटरला न विचारता त्या हलवण्याचा अधिकार त्याला असेल का, आणि मुंबई-चेन्नईची विभागीय मुख्यालये त्याच्याकडे राहतील का, याची लेखी उत्तरे संसदेत मागावीत. केरळ, कर्नाटक आणि गुजरातच्या खासदारांनाही हेच विचारायचे असेल, त्यांच्यासोबत ती मागितली तर अधिक बरे.