झाडूच्या पुढचे शिक्षण

पालक, विश्वस्त मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,


वार्तापत्राच्या या पानावर एरवी आम्ही परीक्षांचे निकाल, स्नेहसंमेलन, गणेशोत्सव यांविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. शाळेच्या मागच्या इमारतीतल्या चार खोल्या दुपारनंतर रिकाम्या असतात. त्या भाड्याने द्याव्यात, की शेजारच्या वस्तीतील बेकार मुलामुलींच्या प्रशिक्षणासाठी उघडाव्यात, हा प्रश्न विश्वस्त मंडळापुढे आहे. आमचे मत प्रशिक्षणाच्या बाजूचे आहे. ते का, हे सर्वांपुढे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

आपले इंदूर 2017 पासून सलग सात वेळा स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले; सातव्या वेळी सुरतेबरोबर. देवगुराडियाला साचलेला सुमारे 13 लाख टन जुना कचरा 2018 अखेरपर्यंत प्रक्रिया करून हटवला गेला. तिथेच फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि त्या गॅसवर शहराच्या बसगाड्या धावू लागल्या. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण हे सगळे कौतुकाने सांगतो. पण हा मान मिळवून दिला तो पहाटे रस्ते झाडणाऱ्यांनी आणि कचरागाडीबरोबर दारोदार फिरणाऱ्यांनी. त्यांतली कितीतरी कुटुंबे आपल्या शाळेच्या भिंतीपलीकडे राहतात.

2019 च्या उन्हाळ्यात या वस्तीतल्या अकरा मुलामुलींना घेऊन आम्ही सौरऊर्जेच्या एका प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेलो होतो. केंद्र सरकारचा ‘सूर्यमित्र’ अभ्यासक्रम 2015 साली सुरू झाला होता. तीन महिने, 600 तास, राहणे-जेवणे मोफत. बेकार तरुणांना, स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य. मुले हरखून गेली. मग प्रवेशाची अट समजली: दहावी पास आणि वर आयटीआय. अकरांपैकी दहावीचे प्रमाणपत्र एकाकडेच होते, आयटीआय कुणाचेच नव्हते. परतताना एका मुलीने विचारले, “सर, ये सब तो उन्हीं के लिए है ना, जिनके पास पहले से कुछ है?” तिला देण्यासारखे उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते.

अट चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. विजेचे काम जोखमीचे आहे. पण पहिल्या पायरीपर्यंत पोहोचवणारी वाट कुणीतरी बांधायला हवी, आणि ती बांधणे हे शाळेचे काम आहे. 2024 पासून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना चालू आहे. पॅनेल बसवणारे आणि दुरुस्त करणारे हात लागणारच आहेत. ते कुणाचे असावेत, एवढाच प्रश्न आहे.

काही हितचिंतक सुचवतात, “या मुलांना सफाईचेच प्रशिक्षण द्या, त्यात त्यांचा हात बसलेला आहे.” हे आम्हांला मान्य नाही. झाडू धरण्यात कमीपणा मुळीच नाही. पण आजोबांनी धरला, वडिलांनी धरला, म्हणून नातवाच्या हातीही झाडूचेच प्रमाणपत्र द्यायचे, तर ती जुनीच जातीची वाटणी झाली. कचरा वेगळा करणाऱ्याच्या मुलीला गॅस प्रकल्पातला मीटर वाचता यावा, यंत्र चालवता यावे, हिशेब ठेवता यावा. त्याला आम्ही पर्यावरणाचे शिक्षण म्हणू.

2025 च्या डिसेंबरअखेर याच स्वच्छ शहरात, भागीरथपुऱ्यात, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. खेड्यांत जलजीवन मिशनखाली गावागावांतल्या पाच-पाच स्त्रियांना साधा संच देऊन पाणी तपासायला शिकवतात. शहरातल्या वस्तीत असे का होऊ नये? पाण्यातला क्लोरीन पाहणे आठवी शिकलेल्या मुलीलाही जमते. आपली प्रयोगशाळा त्यासाठी पुरेशी आहे.

अमेरिकेत 1998 पासून सरकारी अनुदानातून दूषित जमिनींच्या शेजारी राहणाऱ्या बेकार लोकांनाच त्या जमिनी साफ करण्याचे तंत्र शिकवले जाऊ लागले. ज्यांनी घाण सोसली, त्यांचा तिथल्या रोजगारावर पहिला हक्क, हे त्यामागचे सूत्र आम्हांला पटते.

आमची सूचना साधी आहे. चारांपैकी दोन खोल्या भाड्याने द्याव्यात. छत गळते आणि दुरुस्तीला पैसा लागतो, हे विश्वस्तांचे म्हणणे खरे आहे. उरलेल्या दोन खोल्यांत संध्याकाळी सहा ते आठ वर्ग भरवावा, म्हणजे कुणाची दिवसाची मजुरी बुडणार नाही. पहिल्या वर्षी मुक्त विद्यालयातून दहावीची तयारी, जोडीला मोजमाप, विजेची प्राथमिक माहिती आणि पाण्याची तपासणी. पुढे आयटीआयचा प्रवेशअर्ज आपणच भरून द्यावा. सांवेर रोड आणि पीथमपूरला आपल्या माजी विद्यार्थ्यांचे कारखाने आहेत. त्यांच्याकडून निदान काही जागांचा शब्द घेतल्यावरच वर्ग सुरू करावा. शिकवून घरी बसवायचे असेल, तर न शिकवलेले बरे.

वर्ग हिंदीत चालेल. मराठी शाळेत हिंदी वर्ग कशासाठी, असे काही पालकांनी विचारले आहे. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. मराठी घरात आईकडून मिळाली आणि टिकली. दोन खोल्यांतल्या हिंदीने शाळेची मराठी उणी होणार नाही. होळकरांच्या काळापासून आपण इथे आहोत. या शहराची स्वच्छता आपली म्हणायची, तर ती राखणाऱ्यांची मुलेही आपलीच म्हणावी लागतील.

विद्यार्थ्यांनो, वर्ग सुरू झाला तर फाटकात भेटणाऱ्या त्या ताई-दादांची नावे विचारून घ्या. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, विश्वस्त मंडळाच्या बैठकीपूर्वी कार्यालयात लेखी द्यावे. आम्ही प्रत्येक पत्र बैठकीत वाचून दाखवू.

आपला,
प्राचार्य