फुलशेतीचा आरंभ पांच गुंठ्यांनीं करावा

ज्या शेतकऱ्याच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी टिकतें व ज्याच्या गांवावरून शहराकडे रोज गाडी जाते, त्याच्या मनांत फुलें लावण्याचा विचार येणें स्वाभाविक आहे. विचार चांगला आहे. परंतु दसऱ्यास झेंडूला भाव येतो एवढें ऐकून नवखा मनुष्य एकदम एकरभर झेंडू लावितो, व एका दिवसाच्या बाजारावर सबंध वर्षाचा हिशेब टांगून ठेवितो. ही शेती नव्हे, हा जुगार होय, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भाव पडल्यास ज्वारी कणगींत ठेवतां येते; तोडलेलें फूल ठेवतां येत नाहीं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी होऊन देवळें, लग्नकार्यें व फुलबाजार एकाएकीं थांबले, तेव्हां उभीं फुलें तोडून फेकण्याची पाळी कित्येकांवर आली. म्हणून फुलशेतींत क्षेत्रापेक्षां तारखेस अधिक महत्त्व आहे.

दसऱ्याचेंच उदाहरण घ्या. तो २०२३ सालीं २४ ऑक्टोबरला आला, तर २०२५ सालीं २ ऑक्टोबरला. झेंडूचें रोप सुमारें २५ दिवसांत लागणीस येतें व लागणीनंतर तोडणीस साधारण ६० दिवस लागतात. म्हणजे २०२५ सालीं जुलैच्या पहिल्या आठवड्यांत बीं पडणें अवश्य होतें. २०२३ सालीं तेंच महिनाअखेर टाकलें तरी साधलें असतें. गतवर्षाची तारीख पाहून बीं टाकणारा येथें फसतो. आधीं पंचांग पाहावें, मग उलटे दिवस मोजावे.

नवख्यानें पांचच गुंठे घ्यावे व त्यांचे चार वाटे करावे. पहिल्यांत झेंडू, तोहि दहा-दहा दिवसांच्या अंतरानें तीन वेळां लावावा. म्हणजे दसरा हुकला तरी वीस दिवसांनीं येणारें लक्ष्मीपूजन सांपडेल. दुसऱ्यांत निशिगंधाचे कंद एप्रिल-मेमध्यें लावावे. एकदां लावलेला निशिगंध तीन वर्षें चालतो. सुट्या फुलांस एकेरी व दांड्यास दुहेरी जात घ्यावी. तिसऱ्यांत शेवंती पावसाळ्याच्या तोंडाशीं लावावी. दिवस लहान होऊं लागले कीं ती कळी धरते. उशिरां लावल्यास झाड खुरटें राहतें, कळी मात्र थांबत नाहीं. चौथ्यांत हिंवाळ्यासाठीं ग्लॅडिओलसचे कंद सप्टेंबरपासून पंधरा-पंधरा दिवसांनीं लावावे. खालच्या एक-दोन कळ्यांस रंग दिसतांच दांडा कापावा, व झाडावर चार पानें राखावीं; नाहीं तर पुढील वर्षाचा कंद पोसत नाहीं.

कोणी म्हणेल, एवढ्याशा तुकड्यांतून मिळणार काय? पहिल्या वर्षीं पैशापेक्षां अनुभव मिळवावयाचा आहे. दांडे पहांटेच्या गारव्यांत धारदार सुरीनें कापून लागलेच पाण्यांत ठेवले, तर किती टिकतात. गाडी किती वाजतां निघते. अडत व हमाली वजा जातां हातीं काय उरतें. पितृपंधरवड्यांत मागणी किती उतरते, मार्गशीर्षाच्या गुरुवारीं किती चढते, हें पांच गुंठ्यांत शिकतां येतें. एकरांत तेंच शिकण्यास कर्ज काढावें लागतें.

महसूल खात्यांत आमची हयात नोंदी करण्यांत गेली, म्हणून आणखी एक सूचना करितों. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हंगामागणिक होते. फुलाची नोंद रोज झाली पाहिजे. लागणीची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख, माल, भाव व खर्च, असे पांच रकाने एका वहींत आंखावे व संध्याकाळीं भरल्याशिवाय निजूं नये.

दोन वर्षें ती वही प्रामाणिकपणें भरली, म्हणजे पांचांचे वीस गुंठे करावे कीं फुलांचा नाद सोडावा, हें ठरविण्यास दुसऱ्या कोणाचा सल्ला लागणार नाहीं. तोंपर्यंत घरच्या दाण्याची जमीन दाण्यासच राहूं द्यावी, अशी शेतकरीबंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.