देव बघून घेईल!

भांडण संपवायचं आपल्याकडे एक हुकमी वाक्य आहे. "मी काही बोलत नाही, देव बघून घेईल." सगळेच म्हणतात, आम्ही ख्रिस्ती जरा जास्तच म्हणतो, कारण आमच्यापाशी शास्त्राचा आधार असतो. दुसऱ्याचा न्याय करणं आपलं काम नाही, असं प्रभूनेच सांगितलंय ना! पण नीट ऐकलंत तर त्या वाक्यात निकाल लागून गेलेला असतो. समोरचा दोषी, शिक्षा पक्की. देवाकडे फक्त अंमलबजावणी. आणि ती आपल्या डोळ्यांदेखत झाली तर फारच उत्तम!

ही नम्रता आहे असं मला वाटत नाही.

योना संदेष्ट्याची गोष्ट आपण मुलांना मोठ्या माशापर्यंतच सांगतो. खरी गंमत शेवटच्या, चौथ्या अध्यायात आहे. निनवे हे शत्रूंचं शहर. ४० दिवसांत तुमचा नाश होणार, असं योनाने बजावलं. लोकांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला आणि देवाने शिक्षा मागे घेतली. योना भडकलाच! तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी आधी पळालो, असं देवाला सुनावतो. मग शहराबाहेर मांडव घालून बसतो, बघू काय होतंय ते. सावली देणारं झाड वाळलं त्याचं त्याला दुःख, पण शहरातल्या १,२०,००० हून अधिक जिवांचं काही नाही. न्याय देवावर सोडायचा तर हेही सोडावं लागतं, की तो त्या माणसाला चक्क क्षमा करील.

रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात पौल सूड देवावर सोडायला सांगतो, ते आम्हाला पाठ. लगेच पुढे शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घालायला सांगतो, तिथे पाठांतर अडखळतं. (डोक्यावरच्या निखाऱ्यांचं तेवढं लक्षात राहतं!)

मग अन्यायाबद्दल तोंडच उघडायचं नाही का? हा प्रश्न रास्त आहे, कारण "न्याय करू नकोस" हे बहुधा ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच ऐकवलं जातं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, पैसे बुडालेल्या विधवेला. हे मला अजिबात मान्य नाही. पोलिसांत जाणं, हिशेब मागणं यात कसला अहंकार? मत्तयाच्या १८व्या अध्यायात येशूने रीतच घालून दिली आहे. आधी एकांतात सांग, मग एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीपुढे मांड. तरीही ऐकलं नाही तर त्याला जकातदारासारखा समज. आणि जकातदारांच्या पंगतीला तर तो स्वतः बसायचा!

चूक स्पष्ट सांगायची पण माणसाला निकालात काढायचं नाही, हे मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त फार स्वच्छ दिसतं. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, बाई हिंदूच राहिल्या, काही वर्षं ताटातूट झाली. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा संताप, घरात चणचण असताना दुसऱ्याला देऊन टाकणं, स्वतःचे झालेले हाल, बाई काही म्हणजे काही लपवत नाहीत. पण टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय असं कुठेही वाटत नाही. वाचताना हसू येतं, आणि मधेच पोटात तुटतं.

असो. हे सगळं आत्ताच का, ते नातेवाईक मंडळी ओळखतीलच. जमिनीचा वाद कोर्टात आहे, तिथे तो चालू द्या. ज्यांनी कागद केले त्यांना जाब विचारलाच पाहिजे, माझंही तेच मत आहे. पण "त्यांना लग्नाला बोलवायचं नाही, देव बघून घेईल" हे जे घरात चाललंय, ते मला पटलेलं नाही. पत्रिका काकांच्या घरी गेली पाहिजे, तीही हातात. कुणी जाणार नसेल तर रविवारी उपासनेनंतर मी जाईन.