रिकामटेकड्यांचा खेळ?

स्नूकर म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, असे आमच्या गिरगावात आजही म्हणतात. म्हणोत बापडे! पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले, ते काय रिकामटेकडेपणाने?

चाळीतल्या कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी हातात परत येतो. स्नूकरमध्ये पांढरा चेंडू थांबेल तिथूनच पुढे खेळावे लागते. लाल चेंडूचा गुण एक, काळ्याचे सात. म्हणून लाल घालवतानाच पांढरा काळ्यापाशी, थोडा कोन राखून आणायचा. अगदी सरळ रेषेत थांबला, तर पुढच्या लालकडे वळवणे कठीण.

आजच्या कृतीवर उद्याचे अवलंबून असते, हे आम्ही मास्तरांनी जन्मभर फळ्यावर लिहिले. हा खेळ ते करून दाखवतो. मग पोरांना त्यापासून हाकलता कशाला?