विश्लेषण : कावासाकी आजारात हृदयाचा धोका रक्तचाचणीतून आधीच कळतो का?

पाच दिवस उलटले तरी न उतरणारा ताप, लाल डोळे, फुटलेले ओठ, अंगावर पुरळ. अँटिबायोटिक देऊनही फरक नाही. मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होणाऱ्या कावासाकी आजाराची ही लक्षणे. ताप काही दिवसांनी आपोआपही उतरतो आणि घरच्यांना हायसे वाटते. पण तोवर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या सुजून फुगलेल्या असू शकतात.

धोका किती?

जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. नेमके कारण अजून सापडलेले नाही. उपचार न झाल्यास साधारण चारपैकी एका मुलाच्या धमनीला फुगवटा येतो. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. मात्र १० ते २० टक्के मुलांना पहिल्या डोसचा गुण येत नाही आणि फुगवट्याची भीती त्यांनाच अधिक. ही मुले आधी ओळखली, तर सुरुवातीलाच स्टेरॉइडची जोड देता येते. जपानमध्ये २०१२ च्या ‘रेझ’ अभ्यासात त्याचा फायदा दिसला.

रक्तात काय पाहतात?

सगळ्या नेहमीच्याच चाचण्या. २००६ च्या ‘कोबायाशी स्कोअर’मध्ये सोडियम १३३ किंवा कमी, यकृताचे एएसटी १०० किंवा जास्त, न्यूट्रोफिल ८० टक्के किंवा अधिक, सूज दाखवणारे सीआरपी वाढलेले आणि प्लेटलेट तीन लाख किंवा कमी असतील, तर गुण मिळतात. बाळ वर्षाचे किंवा लहान असणे आणि पहिल्या चार दिवसांतच उपचार सुरू करावे लागणे, याचेही गुण. अकरापैकी चार किंवा जास्त म्हणजे जोखीम मोठी. प्लेटलेट म्हटले की आपल्याला डेंग्यू आठवतो. इथे मात्र त्या दुसऱ्या आठवड्यात उलट वाढतात. सुरुवातीला तीन लाख हा इतरवेळी नॉर्मल वाटणारा आकडाही गुणांत धरला जातो.

मग अडचण कुठे?

स्कोअर जपानी मुलांच्या माहितीवर बेतला आहे. उत्तर अमेरिकेत तपासला तेव्हा जोखमीची अनेक मुले या गाळणीतून निसटली. कोणतेही मॉडेल ज्या माहितीवर घडते, त्याबाहेर ते असे अडखळतेच. त्यामुळे गुण जास्त आले तर सावध व्हायचे, पण कमी आले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पहिल्याच टूडी इकोत धमनी रुंदावलेली दिसणे, हा आजही फार महत्त्वाचा इशारा मानला जातो.

पालकांनी काय करावे?

सहा महिन्यांखालील बाळांत लक्षणे अनेकदा अपुरी असतात, धोका मात्र जास्त. ताप पाचव्या दिवशीही असेल, तर ‘कावासाकी असू शकतो का’ हे डॉक्टरांना थेट विचारा. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला तेही लिहून ठेवा. दहा दिवसांची मोजणी तिथूनच होते.