वृद्धाश्रमाच्या आवारात बाहेरचा माणूस

वृद्धाश्रमात राहणाऱ्यांच्या हक्कांचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते: दोन वेळचे जेवण मिळते, औषधपाणी होते, मग हक्क कसले? या उत्तरात सोय आणि हक्क यांची गल्लत आहे. पासबुक आणि एटीएम कार्ड कोणाच्या कपाटात राहावे, अंघोळ पहाटे साडेपाचलाच का, मुलीचा फोन कार्यालयात सर्वांसमोर का घ्यायचा, हे प्रश्न पोट भरल्याने सुटत नाहीत. तक्रार झालीच तर ‘मुलाला बोलावून घेतो, घेऊन जाईल’ एवढे एक वाक्य पुरते. परत जायला घर उरलेले नाही, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

समाज मदत करतोच की, असेही म्हटले जाते. वाढदिवस, पुण्यतिथी, सर्वपित्री अमावास्या यांना अन्नदान होते. दिवाळीत फराळ येतो. देणाऱ्याच्या भावनेवर शंका घेण्याचे कारण नाही. पण हा पाहुणा सभागृहापर्यंतच पोचतो. धुतलेल्या कपड्यांतले आजी-आजोबा रांगेने बसतात, केळी वाटली जातात, फोटो निघतो आणि तासाभरात गाडी परतते. अंथरुणाला खिळलेल्यांची मागची खोली त्याला दिसत नाही. दिसली तरी तो संस्थेचा पाहुणा; उणे काढणे त्याला स्वतःलाच अवघड वाटते.

‘कायदा आहे, सरकार पाहील’ हा युक्तिवादही फार टिकत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा 2007 चा कायदा मुख्यतः मुलांकडून व नातलगांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. वृद्धाश्रमांच्या वाट्याला आले ते कलम 19. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम, ही त्यातली अपेक्षा. पण तीही राज्याच्या मर्जीवर सोडलेली. अशा संस्थांची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ती लोकसभा 2024 मध्ये विसर्जित झाली, तोवर ते मंजूर झाले नव्हते. आणि निरीक्षक आला तरी तो नोंदवह्या व स्वयंपाकघर पाहणार. रात्री कोणाचे अंथरूण किती वेळ ओले राहिले, हे कोणत्या वहीत असते? ते रहिवाशाकडूनच ऐकणारा, संस्थेशी बांधलेला नसलेला बाहेरचा माणूस हवा.

चालकांचे म्हणणे मात्र वाऱ्यावर सोडण्यासारखे नाही. रात्रपाळीला माणसे मिळत नाहीत, पगार परवडत नाहीत, त्यात बाहेरच्यांनी नाक खुपसले तर संस्थेला टाळे लागेल, असे ते सांगतात. अडचण खरी आहे. तीही गावापुढे मांडायला बाहेरचा साक्षीदार उपयोगीच पडेल. शिवाय, ज्येष्ठाला निर्वाहखर्चासाठी स्वतः अर्ज करणे जमत नसेल तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते, असे याच कायद्याचे कलम 5 सांगते. पोटच्या मुलाविरुद्ध परक्याला बोलता येते, तर व्यवस्थापकापुढे बोलायला हरकत कसली?

अमेरिकेत हा मार्ग जुना आहे. नर्सिंग होममधल्यांची बाजू मांडणाऱ्या ओम्बुड्समनचा प्रयोग तिथे 1972 मध्ये सुरू झाला आणि 1978 पासून प्रत्येक राज्याला ही व्यवस्था बंधनकारक झाली. त्यात पगारी लोकांबरोबर स्वयंसेवकही असतात. ते रहिवाशाशी एकांतात बोलतात आणि त्याच्या संमतीने तक्रार पुढे नेतात. 1987 च्या कायद्याने रहिवाशांना आपले मंडळ भरवण्याचा हक्क दिला. एखाद्याला बाहेर काढायचे तर साधारणपणे 30 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तिथेही सगळे आलबेल नाही. मार्च 2020 मध्ये साथीमुळे भेटी बंद झाल्या, तेव्हा नातलगांना खिडकीच्या काचेबाहेर उभे राहावे लागले.

महाराष्ट्रात गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आणि महिला मंडळे आहेत. त्यांतून जवळच्या वृद्धाश्रमासाठी भेट-समिती उभी करणे अवघड नाही. देणगीदार आणि विश्वस्त तीत नसावेत. तीच दोन माणसे दर महिन्याला, पण न सांगता जावीत. खाटेशी बसून बोलताना कर्मचारी खोलीबाहेर असावा. संमतीवाचून कोणाचे नाव पुढे करू नये. स्मृतिभ्रंशामुळे ज्यांना सांगताच येत नाही, त्यांच्या बाबतीत पाठीवरच्या शय्याव्रणांची, मनगटावरच्या वळांची आणि उतरत्या वजनाची नोंद समितीनेच ठेवावी.