आवाज आणि आज्ञा

संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात भोंग्याचे एक चिमुकले चित्र असते. त्यावर टिचकी मारावी, पट्टी सरकवावी, की आवाज कमीजास्त होतो. यात शिकण्यासारखे ते काय, असे कोणीही विचारील. गेल्या वर्षापर्यंत मीही विचारले असते. परंतु एका प्रसंगाने माझे मत पालटले, आणि ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या संगणक-कक्षातील यंत्रांवर लिनक्स आहे. माझा एक वर्गमित्र दृष्टिहीन आहे. ऑर्का नावाची आज्ञावली पडद्यावरचा मजकूर त्याच्या कानात वाचून दाखवते आणि त्यावर त्याचा अभ्यास चालतो. परीक्षेला चार दिवस असताना, टिपणे ऐकता ऐकता त्याचा आवाज एकाएकी बंद पडला. आवाज गेला तर आपले गाणे थांबते; त्याचे मात्र पुस्तकच मिटते. मी ऐटीत म्हणालो, "थांब, मी बघतो." चित्रावर टिचकी मारली. पट्टी तर ८० वर! ती १०० वर नेली, तरी शांतताच. मग त्याने माझा हात बाजूला सारला, कंट्रोल, ऑल्ट आणि टी या कळा एकदम दाबल्या, एक ओळ टंकली, एंटर मारले, आणि ऑर्का पुन्हा बोलू लागली. ती ओळ टंकताना त्याला काही दिसत नव्हते आणि ऐकूही येत नव्हते.

ओळ रोमन लिपीत टंकावी लागते. उच्चार असा: 'अमिक्सर, वजा सी शून्य, सेट, हेडफोन, ८० टक्के, अनम्यूट.' 'अमिक्सर' हे आज्ञेचे नाव. 'वजा सी शून्य' म्हणजे पहिले साउंड कार्ड, कारण मोजणी शून्यापासून होते. पुढे काय करायचे, कोणाचे आणि किती, एवढेच. व्याकरणाच्या तासाला आपण आज्ञार्थ शिकतो. हा त्याहून वेगळा नाही.

मग पट्टीने जे झाले नाही ते या ओळीने कसे झाले? लिनक्समध्ये आवाजाचे जणू दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर आल्सा ही प्रणाली थेट साउंड कार्डाशी बोलते. यारोस्लाव किसेला यांच्या पुढाकाराने १९९८ मध्ये हे काम सुरू झाले आणि २००२ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात आले. वरच्या मजल्यावर पल्सऑडिओ किंवा अलीकडची पाइपवायर असते, आणि कोपऱ्यातली पट्टी तिच्याशी बोलते. शिवाय आल्सामध्ये आवाजाची पातळी आणि आवाजाची बंदी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पातळी ८० असूनही बंदी असू शकते. त्या दिवशी हेडफोनला कुलूप खाली लागले होते, आणि मी वरच्या मजल्यावर किल्ली फिरवत होतो.

आमच्या घरात संगणकाला हात लावणारा मी पहिलाच. त्यामुळे 'इथे दाबा, तिथे दाबा' एवढे जमले की संगणक आला, अशी माझी समजूत होती. आज मला वाटते की हे शिक्षण अपुरे आहे, आणि दृष्टिहीनांच्या बाबतीत तर ते अन्यायाचेही आहे. चित्र शोधायला डोळे लागतात. ओळ मात्र पाठ करता येते, दुसऱ्याला तोंडी सांगता येते, फाइलीत लिहून ठेवून ठरल्या वेळी आपोआप चालवता येते. रात्री १० वाजता आवाज ३० टक्क्यांवर आण, असे यंत्राला एकदा लिहून द्यावे आणि विसरून जावे. टिचकी अशी लिहून ठेवता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, कलाशाखेच्या विद्यार्थ्याला हा उपद्व्याप कशाला? शब्द इंग्रजी, आणि चुकले तर? आक्षेप अगदीच खोटा नाही. आज्ञा निमूटपणे पाळली जाते, हा तिचा दोषही आहे. पल्सऑडिओच्या आज्ञेत १५ ऐवजी १५० टक्के लिहिले, तर ती १५० देखील मान्य करते आणि हेडफोन कानाला असेल तर कानठळ्या बसतात. म्हणून आकडा टंकताना हेडफोन काढावा, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. पण शब्द किती? जेमतेम सहा. नाट्यवाचनासाठी पानेच्या पाने पाठ करणाऱ्या आपल्या शाखेला सहा शब्द जड जावेत काय? आणि लिनक्सचा पाया घालणारे लिनस टॉरवल्ड्स १९९१ मध्ये २१ वर्षांचे विद्यार्थीच होते.

माझी प्राध्यापकवर्गाला नम्र सूचना एवढीच, की संगणकाच्या तासात अर्धा तास या आज्ञांना द्यावा. आवाज वाढवणे, कमी करणे आणि बंदी उठवणे या तीन ओळी कक्षाच्या भिंतीवर लावाव्यात, आणि त्यांची एक प्रत ब्रेलमध्ये असावी. त्या दिवशी माझ्या मित्राला ती ओळ पाठ होती म्हणून त्याचा अभ्यास अडला नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्याला ती पाठ असेलच असे नाही, आणि त्याच्या शेजारी बसलेल्याला फक्त टिचकी मारता येत असेल, तर दोघेही माझ्यासारखेच शांत यंत्राकडे पाहत बसतील.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला